पुसलेलं तेल

मी सुरी बोलतेय. लगेच कांदा-बटाटा डोळ्यांपुढे आणू नका. मी स्वयंपाकघरातली नाही. मी कापसाच्या जिनिंगमधली सुरी आहे. लांबीला दोन हातांहून थोडी जास्त, अंगभर पोलाद, आणि मशीनला बोल्टनं बसवायला ठरावीक अंतरावर भोकं. मला धार नाही. असती तर ही हकीकत मी तुम्हाला सांगत बसले नसते, तिचा निकाल मीच लावला असता.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात, असं मी ऐकून आहे. फाटकी छत्री म्हणे माणसांचे आभार मानते आणि मोडकी खुर्ची आशीर्वाद देते. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात राग आहे आणि तो मी झाकणार नाही. ज्यांच्यावर आहे त्यांची नावं घेऊन सांगणार आहे.

माझा जन्म इथला नाही. दूरच्या एका कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं, पुन्हा घासलं. इतकं, की शेवटी माझ्यात माणसाचं तोंड दिसायला लागलं. मग दोन माणसांनी मला दोन्ही टोकांनी उचललं आणि तेलाच्या हौदात बुडवलं. त्या तेलाला तिथे आरपी म्हणत. गंज येऊ न देणारं तेल, एवढाच त्याचा अर्थ. ते मशीन फिरवायचं वंगण नव्हे. अंगावर लावलं की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे मेणचट पापुद्रा राहतो. नखानं खरवडलात तर निघेल असा. पण पोलादाला तो असा बिलगून बसतो की पाण्याला मध्ये शिरायला जागाच मिळत नाही. माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी माया केली असेल तर ती त्या पापुद्र्यानं.

लोकांना वाटतं, पोलाद म्हणजे कोण बळकट! आमची लोखंडाची जात मातीतून निघते आणि मातीत परत जायला कायम टपलेली असते. हवा आणि पाणी दोघं मिळून अंगाला भिडली की आमची माती व्हायला सुरुवात होते. हे पाणी नळाचंच हवं असं नाही. दमट हवेतलं न दिसणारं पाणीही पुरतं. माणसाचा घाम तर त्याहून वाईट, त्यात मीठ असतं. तेल बिचारं कुणाशी भांडत नाही. ते फक्त दाराशी बसून राहतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. तुम्ही ते दारातून उठवलंत तर पुढचा दोष तेलाचा नाही आणि माझाही नाही.

मेणकागदात गुंडाळलेली मी रेल्वेनं पांढुर्ण्याला उतरले. तिथून एका टेंपोत, संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांवर आडवी पडून, सौसरला आले. सौसरच्या त्या जिनिंगचे मालक रघुनाथराव. गुडघे धरल्यामुळे ते घरातच असायचे. काम मुलगा वीरेंद्र पाहायचा. घर जिनिंगच्या आवारातच होतं. त्या घरावर सत्ता होती रघुनाथरावांच्या बायकोची, सुधाबाईची. सगळे तिला अहो-जाहो करतात. मी करणार नाही.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मशीनमध्ये चामड्याचा रोलर फिरतो, तो कापसाचे तंतू ओढून घेतो. मी त्याच्या शेजारी वरखाली हलत तंतूंना चिकटलेल्या सरकीला ठोसे देते. सरकी खाली पडते, पांढरी रुई पलीकडे जाते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोसे देणं. माझ्या स्वभावाला हे काम चांगलं मानवलं. पण त्यासाठी माझं अंग गुळगुळीत असावं लागतं. गंजाचा खरबरीत डाग पडला की तंतू अडकतात, तुटतात आणि रुईला तांबूस डाग लागतात. तसली रुई व्यापारी बोटानं चाचपतो आणि बाजूला सारतो.

मला एक नंबरच्या मशीनवर बसवलं गुणवंता फिटरनं. गुणवंता बोरगावचा. ठेंगणा, पन्नाशीचा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मशीनला शिवी, हमालाला शिवी, आणि मालकाची पाठ फिरली की मालकालाही शिवी. जिनिंगमध्ये त्याचं कुणाशी पटत नसे. मलाही तो आवडत नव्हता. पाना हातातून सुटला की तो माझ्यावरच खेकसायचा, जणू पाना मीच पाडला. पण एक गोष्ट मी नाकारणार नाही. मला हात लावण्याआधी तो हात कोरडे करायचा. बाकीचे आपले घामट पंजे तसेच लावायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांचे ठसे माझ्या अंगावर तांबूस उमटायचे. मग गुणवंता ते ठसे चोळून काढायचा आणि ज्याचे असतील त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

उन्हाळा चढला, कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या आणि मशीनं थांबली. लोकांना वाटतं, काम थांबलं म्हणजे आम्हाला आराम. उलट आमच्या जिवाला खरा धोका तेव्हाच असतो. पुढचा सबंध पावसाळा नुसतं पडून काढायचा असतो. गुणवंतानं सगळ्या सुऱ्या खाली उतरवल्या, डिझेलनं धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि ब्रशनं आरपी तेल फासलं. वरून, खालून, कडांना. बोल्टच्या भोकांतसुद्धा त्यानं तेलात बुडवलेली काडी फिरवली. फिरवताना तोंडाचा पट्टा चालूच होता, पण हात चुकला नाही. मग मेणकागदात गुंडाळून गोदामातल्या फळीवर आम्हाला ओळीनं ठेवलं.

त्या घराचा एक रिवाज होता. सीझन संपला की एक नंबरच्या मशीनची सुरी देवाजवळ न्यायची आणि खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, सगळ्यांसमोर उघडायची. मग ती मशीनवर चढली की नवा सीझन सुरू. शेजारच्या मशीनची एक जुनी सुरी मला हे सांगत होती. रघुनाथरावांची आई जिवंत असेपर्यंत सुरीला जामसावळीच्या मारुतीहून आणलेला शेंदूर तेलात कालवून जाडजूड फासायची. म्हातारीला लोखंडातलं काही कळत होतं असं नाही. पण मारुतीला चालतं ते सुरीलाही चालेल, एवढा तिचा हिशेब होता आणि तो सुऱ्यांना फळला. ती गेल्यावर रिवाज सुधाबाईकडे आला, आणि पहिल्याच वर्षी नेमकी मी सापडले.

सुधाबाई स्वतः गोदामाच्या दाराशी आली.

"गुणवंता, एक नंबरची सुरी दे. देवाजवळ न्यायची आहे."

"देतो. पण एक गोष्ट आयकून घ्या मालकीणबाई. तेल पुसू नका."

"हे असलं वासाचं तेल? देवापुढं?"

"मोठ्या बाई तं तेलातलाच शेंदूर लावत होत्या."

"त्या लावत होत्या. आता मी आहे."

"मंग ठेवा धुऊनपुसून! गंजली तं मले सांगाले नका येऊ. तुमाले देवाचं समजते, मले लोखंडाचं समजते."

सुधाबाईचे ओठ आवळले गेले. या दोघांचं आधीचंही होतं. मागच्या दिवाळीत गुणवंता तेलकट चपलांनी तिच्या रांगोळीवरून चालत गेला होता, आणि वर म्हणाला होता, "रस्त्यात कायले काढता?" तेव्हापासून तिनं त्याच्याशी सरळ बोलणं सोडलं होतं. हे तेलाचं त्यानं जरा नरमाईनं सांगितलं असतं तर मी आज मशीनवर असते. पण नरमाई त्याला ठाऊक नव्हती, आणि त्याच्या तोंडून आलेली गोष्ट ऐकायची नाही हे हिनं ठरवून टाकलेलं होतं. दोघांच्या अहंकारात मी सापडले.

बाई अडाणी असती तर मी तिला माफ केलं असतं. ती अडाणी नाही. कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर आला नाही तर बुरशी धरते, हे तिला पक्कं ठाऊक. बरणीत तेल खाली गेलेलं दिसलं की लगेच तापवून, थंड करून आणखी ओतते. ओला चमचा बरणीत घातला म्हणून सुनेला कधीची बोलते आहे. म्हणजे तेल कशासाठी असतं हे तिला कळतं. लोणच्याच्या बाबतीत कळतं.

तिनं मला मोरीत नेलं. आधी जुन्या सुती साडीच्या बोळ्यानं खसाखसा पुसलं, मग कढत पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुतलं. माझा पापुद्रा त्या मोरीतून वाहून गेला. तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या उघड्या अंगावर ओतलं. त्यावर हळद, कुंकू, ओल्या अक्षता. आणि शेवटी, सगळ्यात मायेचं म्हणून, रुई.

या जिनिंगवाल्यांची एक खोड आहे. जे जिवापलीकडे जपायचं ते रुईत गुंडाळायचं. नवं जन्मलेलं बाळ रुईत, देवाचे चांदीचे टाक रुईत, नवऱ्याचं घड्याळ रुईत. पहिल्या वेचणीच्या कापसाची थोडी रुई त्या घरात त्यासाठीच राखलेली असते. कापसाच्या गाडीत नुसता हात खुपसून माल ओला आहे की कोरडा हे सांगणारी ही माणसं. रुई पाणी पिते हे यांना कुणी शिकवायला नको. तरी मला त्याच रुईत गुंडाळलं, वरून लाल खण बांधला आणि देवाखालच्या बाकावर निजवलं.

पावसाळा आला. ज्या रुईसाठी मी सीझनभर ठोसे देत राबले होते तिनंच माझा घात केला. साबणाच्या हातून कुठेकुठे निसटलेला तेलाचा अंश तिनं आधी पिऊन टाकला. मग हवेतली ओल ओढून ओढून माझ्या अंगाशी धरून ठेवली. नारळाच्या पाण्यातला खार मदतीला होताच. गंज चढताना काही आवाज होत नाही, म्हणून माणसांना वाटतं दुखत नसेल. वर रोज सकाळी घंटा वाजत होती, आरती होत होती, आणि खाली खणात माझी माती होत होती. सुधाबाई जाता-येता खणाला हात लावून डोळ्यांना लावायची. मला पूजा नको होती. मला बोटभर तेल हवं होतं.

खंडेनवमीला जिनिंगची सगळी माणसं मालकाच्या अंगणात जमतात. फिटर, हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया, शेजारपाजारचे लोक. रघुनाथराव काठी टेकत खुर्चीत येऊन बसले. वीरेंद्रनं खण सोडला. रुई सुटेना. ओढली तेव्हा ती माझी साल घेऊनच निघाली, लालतपकिरी. मागून कुणीतरी "बाप्पा!" म्हणालं.

"हे काय झालं?" रघुनाथरावांनी विचारलं.

मी सुधाबाईकडे पाहत होते. तिला कळलं होतं. तिची नजर आधी माझ्यावर गेली, मग मोरीच्या दाराकडे गेली, आणि मग गर्दीत मागे उभ्या असलेल्या गुणवंतावर जाऊन थांबली.

"गुणवंतानं तेलच लावलं नसन," ती म्हणाली.

गुणवंता माणसं ढकलत पुढे आला. "काय म्हणता? मी तेल लावलं नाही? गोदाम खोला! बाकीच्या सुऱ्या आणा, पाहून घ्या सगळे!"

वीरेंद्रनं सुऱ्या आणवल्या. एकेकीचा मेणकागद उघडला. सगळ्या लखलखीत. गुणवंता छाती काढून हसला. मूर्ख! आपणच आपल्या गळ्यात फास अडकवला, हे त्याला कळलं नाही.

वीरेंद्र थंडपणे म्हणाला, "बाकीच्या चकचकीत. देवाचीच तेवढी गंजली. म्हणजे चूक नाही झाली तुह्या हातून. मुद्दाम केलं तू."

"मी? मुद्दाम?"

"आईसोबत भांडण आहे तुहं. सगळ्याईले माहीत आहे. राग होता तं माणसावर काढायचा, देवाच्या सुरीवर काऊन काढला?"

गुणवंता सुधाबाईसमोर जाऊन उभा राहिला. "मालकीणबाई, देवाच्या दारात हात जोडून इचारतो. तेल पुसलं का नाही तुमी?"

"मी कायले पुसू? दिली तशी ठेवली."

"खोटं बोलून राहिल्या तुमी!"

भर सणाला, चारचौघांत, मालकिणीला खोटं म्हणाला. एवढं पुरलं. वीरेंद्रनं त्याला फाटकाबाहेर काढलं. अंगणातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या ते कशाला उघडतील? फिटर चुकला तर लोक आज ना उद्या विसरतात. पण देवाची सुरी मुद्दाम गंजवणारा फिटर, ही बदनामी पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत प्रत्येक जिनिंगमध्ये त्याच्याआधी पोचली. ऐन सीझन तोंडावर असताना कुणी त्याला मशीनजवळ उभं करेना. तो ज्या कामावर जगत होता ते त्याच्या नावावर चालायचं, आणि नाव गेलं होतं. मी बोलू शकत असते तर एका वाक्यात ते परत मिळालं असतं. मला वीरेंद्रनं भंगाराच्या खोलीत फेकलं.

दिवाळी झाली तशी गुणवंताची बायको उर्मिला त्याची पान्यांची पेटी न्यायला आली. तीही पूर्वी याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची. चौकीदार मधुकरनं तिला भंगाराची खोली उघडून दिली. पेटी माझ्याखाली दबली होती. मला बाजूला सारायला तिनं उचललं आणि धरता धरता तिचं बोट माझ्या बोल्टच्या भोकात गेलं. बोट बाहेर काढून तिनं पाहिलं. मग नाकाशी नेलं. ज्या तेलाचे कपडे ती वर्षानुवर्षं धूत आली होती, ते तेल तिनं ओळखलं.

सुधाबाईचा बोळा भोकात गेला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. साबणाचं पाणी तिथल्या तेलावरून नुसतंच ओघळून गेलं होतं. माझं सगळं अंग तांबडं झालं होतं, पण प्रत्येक भोक आतून पहिल्या दिवसासारखं चमकत होतं.

"मधुकरभाऊ, हे तेच देवाची सुरी ना?" तिनं विचारलं.

"तेच व बाई. हात नको लावू, अपशकुनी हाय."

"मी घेऊन जातो हिले."

मधुकर जरा घुटमळला. मग म्हणाला, "भंगारच हाय. ने. मी काई पाहिलं नाही." आणि खरंच पाठ फिरवून उभा राहिला. खंडेनवमीला अंगणातही तो असाच उभा होता.

बोरगावला गुणवंतानं मला पाहिलं आणि पेटलाच. "कायले आणली व हे अवदसा घरात? माह्याच हातचं तेल खाल्लं अन् माहाच गळा कापला इनं!"

जसं काही मी आपणहून गंजले होते. उर्मिलानं त्याला भोक दाखवलं. त्यानं मला उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. मग आत गेला, तेलाचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि माझ्या अंगावर टेकवणार, तोच तिनं त्याचा हात धरला.

"हात नका लावू. सगळीकडं तेल केलं तं कोणाले काय दाखवू मी?"

"अन् हे अशीच सडू देऊ? लोखंड खाऊन राहिला गंज, दिसत नाही तुले?"

"तुमचं नाव सडून राहिलं ते नाही दिसत?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला तो फिटर आवडला आणि त्याच्या बायकोचा राग आला. पण चाललं तिचंच. मला कोरड्या गोणपाटात ठेवलं. भोकातलं तेलही काही अमर नसतं. धूळ खातं, आटतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातलं काही उरलं नसतं, आणि त्यानंतर गुणवंता खरा होता हे सांगणारं जगात काहीच राहिलं नसतं. उर्मिलाला हे ठाऊक होतं, म्हणून ती घाई करत होती.

आधी ती मला घेऊन वीरेंद्रकडे गेली. त्याच्या टेबलावर आडवं टाकून म्हणाली, "बोट घाला."

वीरेंद्रनं घातलं. बोटाला तेल आलं. त्यानं ते अंगठ्यावर चोळून पाहिलं, कागदाला पुसलं आणि कागद चुरगाळून टाकला.

"हे तेल कोणाचं, कवाचं, काय माहीत?" तो म्हणाला.

"माह्या घरच्याशिवाय दुसरं कोण लावन?"

वीरेंद्र खिडकीबाहेर पाहत राहिला. "उर्मिलाबाई, ते माही आई आहे. जा तुम्ही आता."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. कळूनही त्यानं कागद टोपलीत टाकला. मला त्याचा गंजापेक्षा जास्त तिटकारा आला. गंज निदान आपलं काम लपवत तरी नाही.

संक्रांत आली. सुधाबाईकडचं हळदीकुंकू सौसरात नावाजलेलं. गावातल्या बाया आणि जिनिंगमधल्या बाया एकाच सतरंजीवर बसतात. हळदीकुंकवाला आलेली सवाशीण कुणीही असो, तिला दारातून परत पाठवत नाहीत. उर्मिलाला बोलावणं नव्हतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, मला टॉवेलात गुंडाळून, सरळ आत येऊन सतरंजीवर बसली. सुधाबाईनं तिला पाहिलं, टॉवेलाचा लांबोळका आकार पाहिला आणि तिचा चेहरा पडला. पण हाकलणार कशी? बाहेर काढलं असतं तर सगळ्या बायांनी कारण विचारलं असतं.

वाणाला स्टीलच्या वाट्या होत्या. त्यांना गंज चढत नाही. त्यांचं नशीब.

एकेकीला कुंकू लावत सुधाबाई उर्मिलापाशी आली. उर्मिलानं मांडीवर टॉवेल उघडला. "पहिले हिले लावा मालकीणबाई. मंग मले."

"सणाच्या दिवशी हे काय काढलं व?"

"सणाच्याच दिवशी माह्या घरच्याले फाटकाबाहेर काढलं."

बाया माना वळवून पाहायला लागल्या. उर्मिलानं शेजारी बसलेल्या शाळेच्या मास्तरीणबाईंना म्हटलं, "बाई, तुमी घाला इथं बोट." त्यांनी कचरत घातलं आणि बाहेर काढून म्हणाल्या, "तेल आहे." मग पलीकडचीनं घातलं, मग तिच्या पलीकडचीनं. हळदीकुंकवाला नटून आलेल्या बाया माझ्या भोकांत बोटं घालत होत्या, वास घेत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. माझं उरलंसुरलं तेल तिळगुळासारखं वाटलं जात होतं. मी दात-ओठ खाऊन सोसलं.

"भोकात तेल हाय अन् अंगावर नाही," उर्मिला म्हणाली. "लावणारा नुसता भोकात तं लावत नाही ना बायांनो? लावलं सगळीकडं होतं. मंग पुसलं कोणं? मालकीणबाई, ज्या तोंडानं त्या दिवशी चारचौघांत बोलल्या, त्याच तोंडानं सांगा."

सुधाबाईनं सगळ्या बायांकडे एकदा पाहून घेतलं. मला वाटलं, ती पुन्हा खोटं बोलेल. वीरेंद्र दाराशी येऊन उभा होता, पण बायांच्या घोळक्यात शिरायची त्याची छाती झाली नाही.

"मी पुसलं," ती म्हणाली. आणि लगेच फणकारली, "हो, पुसलं! देवापुढं ते घाण वासाचं तेल कोण ठेवीन? तुहा नवरा नीट बोलला असता तं नसतं पुसलं. माही रांगोळी तुडवतो अन् वरून मलेच शिकवतो!"

"तोंड वाईटच हाय त्याचं," उर्मिला शांतपणे म्हणाली. "मलेच माहीत हाय ते. काम वाईट नाही. एवढंच बोला."

"काम वाईट नाही."

"मोठ्यानं."

"गुणवंताचं काम वाईट नाही! झालं समाधान?"

"झालं. आता लावा कुंकू." उर्मिलानं कपाळ पुढे केलं. सुधाबाईनं लावलं. बोट सरकलं म्हणून कुंकू भुवईपर्यंत ओढलं गेलं, पण उर्मिलानं पुसलं नाही. तिनं वाणाची वाटी घेतली, सगळ्या बायांना नमस्कार केला आणि ती उठली.

गावात पन्नास बायांना कळलं म्हणजे वेगळी दवंडी लागत नाही. लोधीखेड्याच्या एका जिनिंगनं गुणवंताला निरोप पाठवला. वीरेंद्रनंही पाठवला होता. त्याला गुणवंतानं जे उत्तर दिलं ते मी इथे सांगू शकत नाही. आता तो लोधीखेड्याच्या सुऱ्यांना तेल लावतो आणि तिथल्या हमालांना शिव्या घालतो. त्याचं चांगलं झालं.

माझं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. उर्मिला वाटी घेऊन गेली आणि मला सतरंजीवरच ठेवून गेली. विसरली म्हणणार होते, पण ती विसरणारी बाई नाही. तिचं काम झालं होतं.

मला सुधाबाईनं उचललं. आपल्या हातून पाप झालं असं तिला खरंच वाटत होतं, आणि पाप झालं की तिला एकच गोष्ट करता येते. मी पुन्हा देवाखालच्या बाकावर आले. या वेळी मला खण नाही की रुई नाही. रोज सकाळी तांब्याभर पाणी, हळद, कुंकू, एक फूल. रोज! एकदा रघुनाथराव खुर्चीतून म्हणालेही, "अगं, थोडं तेल तरी लाव तिले." तर ही म्हणाली, "आता ते मशीनची नाही, देवाची आहे." माझे पापुद्रे सुटून बाकावर पडतात. ती ते अंगाऱ्यासारखे चिमटीत उचलते आणि तुळशीत टाकते.

तुमच्याही घरी लोखंडाचं काही असेल. विळी असेल, कुदळ असेल, शिवणयंत्र असेल. त्याच्या पाया पडू नका. ते कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा आणि त्याच्यापासून लांब राहा. आम्हाला तुमच्याकडून यापेक्षा जास्त काही नको आहे.

माझ्या शेवटच्या भोकात, जिथे बायांची बोटं पोचली नव्हती, तिथे थोडं तेल उरलं होतं. आज सकाळी पाणी ओतताना सुधाबाईला ते चमकताना दिसलं. ती काडी घेऊन आली, काडीला कापूस गुंडाळला आणि भोक आतून नीट, गोल फिरवत, कोरडं करून टाकलं. पूजेसाठी केलं, की पुन्हा कुणी त्यात बोट घालू नये म्हणून केलं, ते तिचं तिलाच ठाऊक. कापूस तिनं नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि मग मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.